ए-वन फिट

रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या (एएलपी, म्हणजे इंजिनच्या सहायक ड्रायव्हरच्या) भरतीत पोरांना सगळ्यात जास्त धास्ती मेडिकलची असते आणि ती वाजवी आहे. लेखी परीक्षेत मार्क कमी पडले तर माणूस पुढच्या जाहिरातीची वाट बघतो, क्लास बदलतो, पहाटे उठायला लागतो. मेडिकलला मात्र डोळ्यांत काही निघालं तर पहाटे उठून करणार काय?

रेल्वेत प्रत्येक पदाला वैद्यकीय वर्ग ठरवून दिलेला असतो. ए-वन, ए-टू, ए-थ्री, मग बी-वन, बी-टू, शेवटी सी-वन, सी-टू. सी-टूमध्ये एका डोळ्याने ६/१२ दिसलं (साध्या नजरेला बारा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून) की भागतं, तेही चष्मा लावून. दुसऱ्या डोळ्याची अटच नाही. कारकुनाच्या नोकरीला तेवढं पुरतं. स्टेशन मास्तर ए-टूत येतो. ए-वन हा इंजिनवरच्या माणसांचा वर्ग. दोन्ही डोळ्यांनी ६/६, चष्म्याशिवाय, जवळचंही चष्म्याशिवाय, वर रंग, रात्रीची नजर, अंधूक उजेडातली नजर, दोन्ही डोळे एकत्र काम करतात की नाही, हे सगळं. डोळ्यांवर लेसिक झालेलं असेल तर ए-वनच काय, ए-टू आणि ए-थ्रीही गेलं. हे जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं, पण जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचतो कोण?

मी २०१८ च्या भरतीतला. आयटीआय इलेक्ट्रिशियन, जळगाव जिल्ह्यातला. त्या जाहिरातीत टेक्निशियन धरून जागा वाढत वाढत ६४,३७१ झाल्या, म्हणून घराघरातून फॉर्म भरले गेले होते. पहिली परीक्षा, दुसरी परीक्षा, मग संगणकावरची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट. या टेस्टमध्ये प्रत्येक भागात किमान ४२ चा टी-स्कोअर (बाकीच्यांच्या तुलनेत काढलेला गुण) लागतो, एकात जरी कमी पडला तरी बाद. कागदी भानगड इथूनच सुरू होते. टेस्टला बसायचं तर ठरावीक नमुन्यातलं दृष्टी प्रमाणपत्र मूळ प्रतीत सोबत हवं. ते डोळ्यांच्या तज्ज्ञाकडूनच आणायचं.

तालुक्याच्या गावी ज्या दवाखान्यात मी गेलो तिथल्या कंपाउंडरने नमुना हातात घेतला, "किती नंबर लिहू?" असं विचारलं आणि पेन उघडलं. तपासणी नाही, तक्ता नाही. डॉक्टर आत ऑपरेशनला होते, शिक्का बाहेर टेबलावर होता. माझ्याबरोबर आलेले नाना म्हणाले, "अहो, आधी पोराचे डोळे तर बघा." कंपाउंडर त्यांच्याकडे असा बघायला लागला की जणू नानांनी उधारी मागितली. शेवटी जळगावला दुसरीकडे गेलो. तिथल्या बाईंनी थेंब घालून, बाहुली मोठी करून नीट तपासलं आणि वर एक गोष्ट सांगितली: "६/६ आहे, पण रेल्वेवाले फॉगिंग करतात, काच धरून नजर मुद्दाम धूसर करून बघतात. तेही करून देते, म्हणजे तुझी झोप उडणार नाही." पुढे मेडिकलच्या रांगेत कळलं, बऱ्याच जणांच्या हातातली प्रमाणपत्रं पहिल्या दवाखान्याच्या पद्धतीची होती. रेल्वेचा डॉक्टर त्या कागदावर विसंबून काहीच ठरवत नाही, तो सगळं नव्याने तपासतो. मग हा कागद मागतात कशाला? माझ्या मते उमेदवाराने निदान एकदा डोळे दाखवून यावं म्हणून. आणि नेमकं तेवढंच होत नाही.

कागदपत्रांची पडताळणी झाली की मेडिकलचा मेमो, म्हणजे तपासणीची चिठ्ठी मिळते आणि रेल्वेच्या रुग्णालयात पाठवतात. फी २४ रुपये. चोवीस! खिडकीवरच्या माणसाने "सुटे द्या" म्हटलं तेव्हा रांगेतली अर्धी पोरं एकमेकांकडे रुपया मागत फिरत होती. पावती मिळाली की फोटो जुळवणं, अंगठा, अंगावरच्या ओळखीच्या खुणा. उमेदवार एक आणि परीक्षेला बसलेला दुसराच असे प्रकार होतात, त्यामुळे इथे घाई करत नाहीत. माझ्या उजव्या भुवईवरचा व्रण आणि डाव्या मनगटावरचा तीळ, दोन्ही त्या फॉर्मवर गेले.

त्याच फॉर्मला जोडून उमेदवाराचं स्वतःचं निवेदन असतं. तुम्हाला कधी दमा, हृदयविकार, रक्ताची थुंकी, फेफरं, संधिवात झालाय का. जवळच्या नात्यात कुणाला क्षय, वेड, मिरगी. वडील हयात आहेत का, नसतील तर कशाने गेले, भावंडं किती. आम्हाला दिलेल्या यादीत देवीसुद्धा होत्या. देवी जगातून गेल्याचं १९८० साली जाहीर झालं. त्या हॉलमधला एकही जण तेव्हा जन्मलेला नव्हता, तरी सगळ्यांनी इमानदारीत "नाही" लिहिलं. खाली सही करताना एक वाक्य वाचायचं असतं: माहिती दडवल्याचं निघालं तर नोकरी जाऊ शकते. माझ्या शेजारच्याने हळूच विचारलं, "लहानपणी ताप डोक्यात गेला होता, ते लिहू का रे?" मी काय सांगणार? त्याने लिहिलं नाही.

शरीराची तपासणी पटापट होते. उंची, वजन, छाती फुगवून, बीपी, लघवी, रक्तातली साखर, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कान. हर्निया, हायड्रोसील बघायला पडद्यामागे एकेकाला बोलवतात, खोकायला लावतात. लाजायला वेळच मिळत नाही. बीपी मात्र बऱ्याच जणांचं भीतीनेच वाढलेलं निघतं, तिथल्या सिस्टर सवयीने सांगत होत्या, "बाहेर बस, पाणी पी, मोबाईल बघू नको, परत ये."

डोळ्यांचा विभाग वेगळा आणि तिथलं वातावरणही वेगळं. सहा मीटरवर तक्ता. ६/६ म्हणजे साध्या नजरेच्या माणसाला सहा मीटरवरून जे दिसायला हवं ते तुम्हाला सहा मीटरवरूनच दिसतं. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. पोरं बाहेर बसून तक्त्यातली शेवटची ओळ पाठ करतात, पण आत गेल्यावर तक्ताच निराळा. मग फॉगिंग. डोळ्यासमोर +२ ची काच धरतात आणि तीच ओळ वाचायला सांगतात. इथे गणित उलटं आहे: वाचता आलं नाही पाहिजे. धूसर दिसलं तर पास, स्वच्छ दिसलं तर नापास. कारण ज्याला त्या काचेतूनही ६/६ दिसतं त्याच्या डोळ्यात प्लसचा नंबर दडलेला असतो. तरुणपणी डोळ्याचे स्नायू ताण देऊन तो भरून काढतात, वय वाढलं की तो बाहेर येतो आणि चष्मा लागतो. हे ज्याला माहीत नसतं तो बिचारा डोळे ताणून, पापण्या बारीक करून ओळ वाचून दाखवतो आणि वर खूश होतो. आमच्यात एकाने असंच केलं. तंत्रज्ञ काकांनी त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं तेव्हा त्याला शंका आली.

पण खरी गोष्ट घडली रंगांच्या पुस्तकावर. इशिहारा म्हणतात त्याला. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये काढलेल्या ठिपक्यांच्या तबकड्या. एका रंगाच्या ठिपक्यांत दुसऱ्या रंगाच्या ठिपक्यांनी आकडा काढलेला. पहिली तबकडी १२ ची, ती सगळ्यांनाच दिसते. माझ्या पुढे बीडकडचा एक मुलगा होता, डिझेल मेकॅनिक, अ‍ॅप्टिट्यूडला आमच्यापेक्षा कितीतरी वरचा स्कोअर. दार अर्धं उघडं होतं, त्यामुळे आम्हाला ऐकू येत होतं.

"बारा."

पान उलटलं.

"तीन."

पान उलटलं.

"पाच... सर, सत्तर."

मला बाहेरून कळायचं कारण नव्हतं, पण आत माझी पाळी आल्यावर त्याच पानांवर मला आठ, सहा आणि एकोणतीस दिसले. लाल-हिरव्यातला फरक ज्याला कळत नाही त्याला आठाच्या जागी तीन, सहाच्या जागी पाच, एकोणतीसच्या जागी सत्तर दिसतं. ही पानं तशीच बनवलेली आहेत: काहीच दिसत नाही असं होत नाही, चुकीचं दिसतं आणि ठामपणे दिसतं. तो मुलगा अडखळलाही नव्हता. चोवीस वर्षांचं आयुष्य त्याने हिरव्या कैऱ्या आणि लाल मिरच्या बघत काढलं होतं, कुणी त्याला कधी विचारलंच नव्हतं. मामाही तसेच आहेत, हे त्याला संध्याकाळी घरी फोन केल्यावर कळलं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो; आईला स्वतःला बहुधा काही होत नाही.

काही क्लासवाले या तबकड्यांचे फोटो देऊन आकडे पाठ करून घेतात. तंत्रज्ञांना ते ठाऊक असतं. ते पानं मागेपुढे उघडतात, पुस्तक उलटं धरतात. आणि त्यातूनही कुणी निसटला तर पुढे कंदील आहेच. एड्रिज-ग्रीन लँटर्न. अंधाऱ्या खोलीत सहा मीटरवर एक छोटं भोक, त्यातून रंगीत उजेड, भोक लहान-मोठं होतं, मध्येच धुक्यासारखी, पावसासारखी काच आडवी येते. रंग सांगायचा, बस. पाठांतराला इथे जागा नाही. या खोलीत मला पहिल्यांदा वाटलं की इथे आपल्या शरीराची नाही, कामाची तपासणी चाललीय. पुढे कसारा घाटात पावसाळ्यातल्या रात्री काचेवर पाणी ओघळत असताना स्टेशनाच्या अलीकडचा होम सिग्नल शोधताना तो कंदील आठवला, हे खरं.

रेल्वेत रंगांची तपासणी कशी आली तिचीही कथा आहे. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. उप्साला विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ होल्मग्रेन यांनी म्हटलं की यामागे रंगांधळेपणा असावा, आणि लोकरीचे रंगीत धागे जुळवायला लावून रेल्वेवाल्यांची तपासणी सुरू केली. त्या अपघाताचं कारण खरंच तेच होतं का यावर अलीकडे संशोधकांनी शंका घेतली आहे. पण धाग्यांपासून सुरू झालेली रीत टिकली आणि सगळीकडे पसरली.

बीडच्या मुलाला अनफिट लिहून आलं. फेरतपासणीसाठी एका महिन्याच्या आत अर्ज करता येतो, पण तपासणीत चूक झाली असू शकते असं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. रंगांच्या बाबतीत असं कोण लिहून देणार? आणि ए-वनला अनफिट झालेल्याला दुसरं कुठलं पद देण्याची सोय या भरतीत नव्हती. इतक्या परीक्षा पास झालेला माणूस थेट घरी. मला हे आजही पटत नाही. सिग्नल ओळखता येत नाही म्हणून इंजिन देऊ नका, शंभर टक्के बरोबर. पण रंगांची तपासणी अर्जाबरोबर, पहिल्या परीक्षेच्या आधी करून घ्यायला काय हरकत आहे? दृष्टी प्रमाणपत्र मागताच आहात, तर ते सरकारी रुग्णालयातूनच आणा म्हणावं. पोरांची दोन वर्षं वाचतील.

माझं फिट आलं. मग ट्रेनिंग, मध्येच कोविड, मग लाईनवर.

नोकरीत आल्यावर आरोग्याचे कागद संपतील असं वाटलं होतं. उलट वाढले. उमीद कार्ड निघालं, ते रेल्वे रुग्णालयात ओळखपत्रासारखं चालतं. आजारी पडलं तर नुसता फोन करून भागत नाही, सिक रिपोर्ट करायचं, रेल्वे डॉक्टरकडे नाव घालायचं, बरं झालं की त्याच्याकडूनच फिट घ्यायचं, तेव्हाच गाडी. ताप उतरला, पण फिट देणारे डॉक्टर रजेवर, म्हणून घरी बसलेले लोक मी पाहिलेत. आणि दर चार वर्षांनी पीएमई, म्हणजे ठरावीक काळाने होणारी तपासणी. पंचेचाळीसपर्यंत चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. पीएमई ड्यू झालं की क्रूच्या संगणकात दिसतं, मेमो काढून रुग्णालयात जावंच लागतं. नोकरीतल्या माणसाला चष्मा चालतो, मात्र ड्युटीवर दोन जोड ठेवायचे, एक नाकावर, एक बॅगेत.

माझं पहिलं पीएमई सोपं गेलं. पण रुग्णालयाच्या त्या बाकावर बसल्यावर जे ऐकलं ते भरतीच्या मेडिकलपेक्षा जास्त शिकवणारं होतं. पन्नाशीचे, मेल गाड्या चालवणारे दोन लोको पायलट शेजारी होते. एक दुसऱ्याला सांगत होते, "महिनाभर भात बंद केलाय. साखर बाहेरच्या लॅबमध्ये बघून घेतली, बरी आली, मगच मेमो काढला." दुसरे म्हणाले, "मी बीपीची गोळी बाहेरून घेतो. रेल्वेच्या पुस्तकात कशाला चढवायची?"

इथेच खरी अडचण आहे. ए-वन गेलं म्हणजे इंजिन गेलं, इंजिन गेलं की किलोमीटरचा भत्ता गेला. कायद्याने माणूस उघड्यावर पडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, पद कमी करता येत नाही. दुसरं काम द्या, नसेल तर जादा पद तयार करा. रेल्वेत डीकॅटेगराइज झालेल्या, म्हणजे मेडिकलचा वर्ग गेलेल्या रनिंग स्टाफला (गाडीवर काम करणाऱ्यांना) दुसरीकडे घेताना मूळ पगारात ३० टक्के धरून पगार ठरवतात. कागदावर ठीक आहे. पण वर्षानुवर्षं "ड्रायव्हरसाहेब" म्हणवून घेतलेल्या माणसाला लॉबीतल्या (ड्रायव्हर-गार्ड जिथे ड्युटीची हजेरी लावतात तिथल्या) टेबलावर बसायचं म्हटलं की भीती वाटते, आणि भीती वाटली की तो आजार दडवतो. ज्या डॉक्टरने औषध द्यायचं तोच नोकरीचा वर्ग ठरवणार असेल, तर त्याच्यापुढे खरं बोलायचं कुणी? साखरेची, बीपीची खुलेआम, वर्गाशी न जोडलेली तपासणी वेगळी आणि पीएमई वेगळं, असं केलं तर बाकावरची निम्मी कुजबुज थांबेल, असं माझं मत.

आणि एक गोष्ट कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत: झोप. नियम आहे, मुख्यालयात, म्हणजे आपल्या ठाण्यावर, आठ तासांपेक्षा मोठी ड्युटी झाली की १६ तास विश्रांती, बाहेरगावी ८ तास, महिन्यात २२ तासांच्या पाच किंवा ३० तासांच्या चार मोठ्या विश्रांत्या. पण त्या सोळा तासांत दिवसाची किती झोप लागते, रनिंग रूममध्ये (बाहेरगावच्या विश्रांतीगृहात) शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तीन वाजता कॉल आला की आपली उडते की नाही, घोरण्याचा आजार आहे का, हे विचारायला कुणी नाही. श्वासात दारू आहे का हे मात्र प्रत्येक साइन-ऑनला, म्हणजे ड्युटीवर हजर होताना, मशीन बघतं. तेही कधी कधी अतिरेकाला जातं. २०२५ च्या फेब्रुवारीत तिरुवनंतपुरम विभागात ड्युटीआधी होमिओपॅथीची औषधं, काही फळं, शहाळ्याचं पाणी टाळा असा आदेश निघाला होता, कारण मशीनमध्ये आकडे दिसत होते. तो मागे घ्यावा लागला. आमच्या लॉबीत तेव्हा जो येईल तो "शहाळं प्यायलास का?" विचारायचा.

गावातली पोरं आता २०२४ नंतरच्या जाहिरातींसाठी फोन करतात. गाजर खाऊन नंबर जातो का, मेडिकलच्या आधी आठवडाभर मोबाईल बंद ठेवू का, असलं काहीबाही विचारतात. मी एकच सांगतो. फॉर्म भरायच्या आधी चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे जा, बाहुली मोठी करून नंबर बघून घे, फॉगिंग आणि इशिहारा करायला लाव, चारदोनशे रुपये जातील. रंगात अडचण निघाली तर एएलपीचा नाद सोड आणि खालच्या वर्गातल्या जागा बघ, प्रत्येक पदासमोर वर्ग छापलेला असतो. लेसिक करून घेतलं असेल तरी तेच. चष्मा असेल तर टेक्निशियनच्या बऱ्याच पदांना तो चालतो, तिथे अर्ज कर. परवा एकाने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, पण लेसिकचं त्यांना कळतं का?" कळतं. मशीनखाली बुबुळाची जाडी आणि आकार दिसतो.